अठरावरून शून्य: निकोटीन उतरवतानाच्या नोंदी

सिगारेट ७ नोव्हेंबरला सोडली. त्याआधी १९ वर्षं, दिवसाला पंधरा-सोळा, आणि पहिली डोळे उघडल्यापासून दहा मिनिटांच्या आत. सिगारेट सुटली ती वेपमुळे, म्हणजे निकोटीनचं लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या विजेच्या सिगारेटमुळे, हे आधीच कबूल करतो. पण नोव्हेंबर सरला, डिसेंबर सरला, आणि वेप काही हातातून सुटेना. म्हणून ही वही.

याच वाटेनं जाणाऱ्याच्या माझ्याएवढ्या चुका होऊ नयेत म्हणून तारखेसकट लिहितोय. सिगारेट कधीच ओढली नसेल तर या भानगडीत पडूच नका. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. आणि जिथे राहता तिथला कायदा बघा. भारतात २०१९ पासून वेपची विक्री, आयात, साठा सगळ्यावर बंदी आहे, तिथल्यांनी निकोटीनच्या च्युइंगगमचा किंवा कातडीवर चिकटवायच्या पट्टीचा विचार डॉक्टरांना विचारून करावा. उतरवण्याचं गणित तिथेही फारसं वेगळं नाही.

माझं सामान: छोटं पॉड (लिक्विड भरून ओढायचा छोटा वेप), १.० ओमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार, तिच्याभोवती लिक्विड शोषणारा कापूस), १२ वॉट. आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायचा प्रकार, म्हणजे सिगारेटसारखाच झुरका. लिक्विड मिलीला १८ मिग्रॅ निकोटीनचं, पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल, पातळ) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन, घट्ट) निम्मं-निम्मं.

७ ते १३ जानेवारी

काहीही कमी करायचं नाही, आठवडाभर नुसतं मोजायचं असं ठरवलं. आधी झुरके मोजायला गेलो. पहिल्याच दिवशी दुपारी एकशे चाळीसच्या आसपास गिनती चुकली आणि नाद सोडला. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला. रोज सकाळी पॉड आणि बाटली एकत्र काट्यावर ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. जो फरक येईल त्याला १.१५ ने भागायचं की मिली मिळतात. १.१५ कुठून आले? पीजीचं वजन मिलीला १.०४ ग्रॅम, व्हीजीचं १.२६, निम्मं-निम्मं घातलं की मधला आकडा.

आठवड्याची सरासरी दिवसाला ३.१ मिली. गुणिले १८, म्हणजे ५६ मिग्रॅ. यातलं नेमकं किती रक्तात जातं ते काट्यावर कळत नाही. पण आजची कालशी तुलना करायला हा आकडा पुरतो. यापुढे याला ‘रोजचा आकडा’ म्हणतो.

एक गोष्ट अपेक्षित नव्हती. सुट्टीच्या दिवशी २.३ मिली आणि कामाच्या दिवशी ३.६. मला उलटं वाटत होतं.

१४ जानेवारी

१८ वरून थेट १२. कारण? दुकानात १८ च्या शेजारी १२ ची बाटली होती, एवढंच. याहून मोठा विचार केला नव्हता.

२१ जानेवारी

आठवडाभर खुशीत होतो. तलफ आली, पण झेपण्यासारखी होती. मनात म्हटलं, लोक उगाच बाऊ करतात. आज काटा मांडून हिशेब केला: दिवसाला ४.३ मिली. गुणिले १२, म्हणजे ५२ मिग्रॅ.

म्हणजे बाटलीवरचा आकडा एक तृतीयांशानं उतरला आणि माझा रोजचा आकडा ५६ वरून जेमतेम ५२ वर. बाकीचं मी न कळत जास्त झुरके मारून, लांब झुरके मारून वसूल केलं. शरीराला बाटलीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, त्याला लागतं तेवढं ते घेतं. त्यात लिक्विड जवळपास चाळीस टक्के जास्त संपलं, घसा कोरडा पडला, आणि चौदा दिवस चालणारी कॉइल सातव्या दिवशी जळाली. एकामागून एक झुरके मारले की कापसाला परत भिजायला वेळच मिळत नाही. बाकीचं जळकट चव सांगते.

मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं, आणि ‘बाराला आलो’ म्हणून सगळीकडे सांगत फिरलो असतो.

२३ जानेवारी

माघार. १५ वर आलो. कमीपणा वाटला, पण १२ वर राहून ५२ ओढण्यापेक्षा हे बरं.

१५ चं लिक्विड दुकानात तयार मिळालं नाही, म्हणून घरीच मिसळायला लागलो. त्याच चवीचं १८ चं आणि शून्याचं घ्यायचं. ५० मिली १५ चं हवं असेल तर ४१.७ मिली अठराचं आणि ८.३ मिली शून्याचं. हिशेब सोपा: हवा तो आकडा भागिले हातातला आकडा, गुणिले एकूण मिली, तेवढं जोरवालं घ्यायचं, बाकी शून्याचं. सिरिंजनं मोजलं. हातमोजे घातले. निकोटीन कातडीतून आत जातं, सांडलं तर लगेच साबणानं धुवायचं. बाटल्या वरच्या कपाटात, कुलपात. घरात नऊ वर्षांची पोर आहे आणि लिक्विडला वास गोड गोळीचा येतो, यापुढे वेगळं सांगायला नको.

१० फेब्रुवारी

१५ वर अडीच आठवडे. ३.३ मिली, रोजचा आकडा ४९ ते ५०. फार मोठी उडी नाही, पण खरी आहे. आजपासून परत १२.

१७ फेब्रुवारी

चार दिवस झोप नाही. छातीत धडधड, हाताला बारीक कंप, विनाकारण चिडचिड. मी धरून चाललो की ही निकोटीनची ओढ, आणि शांत व्हायला दर अर्ध्या तासाला पॉड तोंडात. त्यानं धडधड आणखी वाढली, साहजिकच.

बायको म्हणाली, “अरे, पण तू कॉफी किती पितोयस?” मोजली. सहा कप. सिगारेट असतानाही सहाच होते आणि तेव्हा रात्री गाढ झोपायचो. मग वाचत बसलो तेव्हा कोडं सुटलं. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं यकृताला कॅफीन भराभर संपवायला लावतात. हे काम धुराचं, निकोटीनचं नाही. धूर थांबला की तोच कप रक्तात बराच जास्त वेळ रेंगाळतो. म्हणजे नोव्हेंबरपासून मी कपाच्या हिशेबानं तेवढीच पण शरीराच्या हिशेबानं जवळपास दुप्पट कॉफी पीत होतो. आणि खापर निकोटीनवर.

कॉफी तीन कपांवर, दुपारी दोननंतर बंद. चार दिवसांत धडधड गेली. सिगारेट सोडल्या दिवशीच हे कुणी सांगितलं असतं तर या रात्रींची झोप वाचली असती.

३ मार्च

१२ वर ३.४ मिली, ४१. आता ९.

१६ मार्च

आज जे केलं ते लिहायला लाज वाटतेय.

टेबलावर दोन सारख्या बाटल्या होत्या, एक मिसळलेली ९ ची, एक अठराची. दोन्हींवर चिठ्ठी नाही, ‘मला माहीत आहे की’ या भरवशावर. सकाळी घाईत पॉड भरलं आणि कामाला लागलो. अर्ध्या तासात उचक्या. मग तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर गार घाम, मळमळ. मीटिंगमध्ये बसलोय आणि समोरच्याचा आवाज लांबून येतोय. ९ ची सवय झालेल्या अंगात दुप्पट चाललं होतं, आणि ‘आज घशाला छान लागतंय’ म्हणून मी जास्तच ओढत होतो.

उठलो, खिडकीपाशी बसलो, पाणी प्यायलो, वेप लांब ठेवला. तासाभरात उतरलं. निकोटीन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे नुसतं थांबणं पुरतं. उलट्या थांबत नसत्या किंवा श्वासाला त्रास झाला असता तर मात्र दवाखाना.

आता प्रत्येक बाटलीवर कागदी चिकटपट्टी, त्यावर आकडा आणि मिसळल्याची तारीख. अठराच्या बाटलीला लाल पट्टी, आणि ती मिसळायच्या दिवसाशिवाय कपाटाबाहेर येत नाही.

७ एप्रिल

९ वर शेवटच्या आठवड्यात ३.६ मिली, ३२. सुरुवातीच्या ५६ वरून बघितलं तर निम्म्याच्या जवळ आलो. आज हिंमत करून ६ केलं.

१५ एप्रिल

जळकट चव. नवी कॉइल, दोन दिवसांत जळकट. आणखी एक नवी, भरून दहा मिनिटं थांबलो, वॉट कमी केले, तरी तिसऱ्या दिवशी तेच. तीन कॉइल गेल्या आणि मी बनावट माल मिळाला म्हणून दुकानदाराच्या नावानं शंख करत होतो.

दोष माझ्याच बाटलीत होता. शून्याचं जे लिक्विड आणलं होतं ते ७० टक्के व्हीजीचं निघालं, मोठ्या टँकसाठी (जास्त वॉटचा, भरपूर वाफ काढणारा मोठा वेप) बनवतात तसलं. व्हीजी घट्ट असतं. १५ मिसळताना त्यातलं थोडंसंच पडत होतं, म्हणून काही जाणवलं नाही. ९ ला निम्मं झालं तेव्हा झुरका जरा जड लागला होता, मी दुर्लक्ष केलं. ६ ला तीनातले दोन भाग शून्याचे, आणि छोट्या कॉइलच्या बारीक छिद्रांतून ते कापसापर्यंत पोचेना. वर कापूस ओला, आत कोरडा.

निम्म्या-निम्म्या प्रमाणाचं शून्याचं शोधून आणलं. कॉइल परत दोन आठवडे टिकायला लागली. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात प्रमाण छापलेलं होतं, मी फक्त चव वाचली होती.

२४ एप्रिल

दोन सिगारेटी ओढल्या.

काम रात्री एकपर्यंत लांबलं. पॉडची बॅटरी साडेदहाला मेली, चार्जर घरी. सहकारी जिन्यात जाऊन ओढतो, त्याच्या मागून गेलो. पहिली निम्म्यापर्यंत राखेसारखी लागली, डोकं गरगरलं. तरी पूर्ण ओढली. दुसरी का घेतली याचं उत्तर माझ्याकडे नाही.

२५ एप्रिल

सकाळी उठलो तर बोटांना तो वास. १९ वर्षं मला तो वास कधी आला नव्हता.

एवढं झालं तरी वही फाडायची नाही, परत पहिल्या पानापासून मोजायचं नाही असं ठरवलं. मागे दोनदा सिगारेट सोडली होती ती ‘आता मोडलंच आहे तर’ या एका विचारानंच परत लागली होती. कारण साधं होतं: बॅटरी. जुनं दुसरं पॉड भरून, चार्ज करून बॅगेत टाकलं, केबल कामाच्या जागी ठेवली. शिवाय निकोटीनच्या २ मिग्रॅच्या च्युइंगगमची एक पट्टी पाकिटात.

गमबद्दल: पहिलं मी साध्या गमसारखं चावत बसलो आणि लाळ गिळत राहिलो. घशात जळजळ, पोटात आग, उचक्या. ते तसं खायचं नसतं. दोन-चारदा चावून जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की परत थोडं चावायचं. निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून आत जातं, पोटात गेलेलं वाया जातं आणि वर त्रास देतं.

११ मे

६ वर पाचवा आठवडा. ९ वरून ६ ही उडी मोठी होती, तीन आठवडे ३.९ मिलीवर अडकलो होतो. आता ३.६, रोजचा आकडा २२. मे संपेपर्यंत ३ आणि जूनमध्ये शून्य, असं कागदावर लिहून भिंतीला लावलं.

१२ मे ते २ जून, एकच नोंद पुरेल

या तीन आठवड्यांत रोज काही लिहिलं नाही, कारण मी जिंकत होतो.

३ चं लिक्विड छोट्या पॉडमध्ये काहीच लागेना. घशाला जो ठसका बसतो तो बराचसा निकोटीनचाच असतो, ते कमी झालं की वाफ पोकळ लागते. विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ३ वाले मोठा टँक वापरतात. घेतला. ०.३ ओम, ५० वॉट, थेट छातीत ओढायचा. पहिला झुरका मारला आणि खोलीत ढग. वा! तीनवर आलो आणि मजाही येतेय. काटा कपाटात गेला. आता आकडा इतका लहान आहे की मोजायचं काय?

१ जूनला महिन्याचं लिक्विड किती लागलं ते बघितलं आणि पोटात गोळा आला. काटा काढला. दिवसाला ११ मिली. गुणिले ३, म्हणजे ३३ मिग्रॅ.

सहावर असताना २२ होतो. बाटलीवरचा आकडा निम्मा आणि निकोटीन दीडपट. एवढ्या वाफेतून अंगात जाणारं बाकीचं सगळंही तिप्पट. लिक्विडचा खर्च तिप्पट, टँकच्या कॉइल पॉडच्या कॉइलपेक्षा महाग, आणि टँकची किंमत वेगळीच. जानेवारीत हाच धडा झुरक्यांच्या भाषेत शिकलो होतो, मे महिन्यात परत ढगांच्या भाषेत शिकलो.

ज्यांना मोठा टँक आवडतो त्यांच्याशी भांडण नाही. पण निकोटीन उतरवत असताना यंत्र बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट हलली तर कशानं काय झालं ते कळतं.

३ जून

टँक देऊन टाकला. छोटं पॉड, ६ चं लिक्विड. चार दिवस उपाशी असल्यासारखं वाटलं, कारण ३३ वरून २२ वर एका झटक्यात आणलं होतं. पाचव्या दिवशी बसलं.

भिंतीवरचा कागद काढला.

८ जून

आता तारखांची घाई नाही, फक्त एक नियम. चुका उलगडून बघितल्या तर दिसतं की १८ ते १५, १५ ते १२, १२ ते ९ हे टप्पे झेपले, आणि १८ ते १२, ९ ते ६, ६ ते ३ हे नाही. मिग्रॅमध्ये बघितलं तर ९ ते ६ हा टप्पा १२ ते ९ एवढाच. पण वाटा किती गेला ते बघा: बारातला पाव भाग गेला तर चाललं, नवातला तिसरा हिस्सा गेला तर अडकलो. आणि तीनाची उडी सहावरून घेतली की निम्मंच जातं. मिग्रॅ वजा करत गेलो तर खालचे टप्पे आपोआप कड्यासारखे उभे होतात.

म्हणून आता वजाबाकी नाही. हातातल्या बाटलीतले तीन भाग घ्यायचे आणि एक भाग शून्याचा मिसळायचा, बस. दर वेळी पाव भागच कमी. गणित नाही, सूत्र नाही, झोपेतही चुकणार नाही. सहाचे होतात ४.५, त्याचे ३.४, मग २.५, १.९, १.४, १.१. प्रत्येक टप्पा तीन आठवडे. आणि तीन आठवडे झाले तरी मिली मागच्या टप्प्याच्या पातळीवर आले नसतील तर पुढे जायचं नाही.

२९ जून

४.५ वर ३.६ मिली, १६. आज ३.४ मिसळलं. लिहिण्यासारखं काही झालं नाही, हे लिहितानाच बरं वाटतंय.

११ जुलै

सोबत दुसरं एक सुरू केलंय: सकाळचा पहिला झुरका पुढे ढकलणं. उठल्यावर दहा मिनिटं होती, ती तीस केली, आता तास. निकोटीन रात्रभरात जवळपास उतरलेलं असतं, त्यामुळे सकाळचा झुरका सगळ्यात गोड लागतो आणि दिवसभराची लय तोच लावतो. पॉड रात्री उशाला नाही, बाहेरच्या खोलीतल्या खणात.

आज सकाळी दात घासून गॅलरीत उभा होतो. खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी. जरा वेळानं लक्षात आलं की उजवा हात छातीपर्यंत उचललेला आहे, मूठ अर्धी मिटलेली, आणि अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबतोय. पॉडचं बटण जिथे असतं तिथे. हातात काहीच नव्हतं. लेक मागे उभी. “बाबा, काय दाबतोयस?” म्हटलं, काही नाही गं. ती पण शेजारी उभी राहून अंगठा दाबायला लागली.

हात लगेच खिशात घातला. तिला ते शिकवायचं नव्हतं.

१० ऑगस्ट

२.५ संपून १.९. या भागात तलफेपेक्षा चव आणि घसा हीच अडचण. ठसका उरलाच नाही, आणि ठसका नाही म्हणून शरीर म्हणतं मिळालंच नाही, मग आणखी एक झुरका. दोन उपाय करून बघितले. पुदिन्याच्या थंड चवीनं घशाला काहीतरी लागतं खरं, पण ती इतकी हलकी की माझे झुरके वाढले, ३.९ मिली. सोडलं. दुसरा उपाय फुकटचा: पॉडच्या बाजूला हवेची पट्टी असते ती जवळजवळ बंद केली. झुरका घट्ट झाला, ओढायला जोर लागायला लागला, आणि तीन-चार झुरक्यांत पोट भरल्यासारखं व्हायला लागलं. ३.२ मिली.

एवढं सोपं होतं तर मे महिन्यात कुणी का नाही सांगितलं? कदाचित सांगितलं असेल. मी ढगात होतो.

२१ सप्टेंबर

१.४ सुद्धा झालं. आज १.१. रोजचा आकडा आता साडेतीनच्या आसपास. मधे एक आठवडा घरी आजारपण होतं, त्या काळात पुढे गेलो नाही, टप्पा पाच आठवड्यांचा केला असता तरी चाललं असतं पण चौथ्या दिवशीच मिली जागेवर आले.

वजनाचं लिहायचं राहिलं. सिगारेट सुटल्यापासून चार किलो वाढलंय. त्यातलं बहुतेक पहिल्या चार महिन्यांतलं.

१२ ते १६ ऑक्टोबर

शेवटचा टप्पा वेगळा आहे. तीनास एक करत शून्य कधीच येत नाही, कुठेतरी उडी मारावीच लागते. आणि मला शून्याची भीती वाटत होती, अगदी खरी, पोटात खड्डा पडणारी. म्हणून एक खेळ केला.

बायकोला दोन पॉड भरायला सांगितले, एकात १.१, एकात शून्य. तळाला तिनं ‘क’ आणि ‘ख’ लिहिलं आणि कुठलं काय ते एका चिठ्ठीवर लिहून कपाटात ठेवलं. पाच दिवस रोज सकाळी एकदा आणि रात्री एकदा ती एक पॉड हातात देणार, तळ झाकून, आणि मी पंधरा मिनिटं ओढून सांगायचं की निकोटीन आहे की नाही. दहा वेळा.

मी छातीठोकपणे सांगत होतो. “हे आहे. घशाला लागतंय बघ.” “हे पोकळ आहे, शंभर टक्के.” ती काही न बोलता टिपून घेत होती, आणि तिसऱ्या दिवशी तिला हसू आवरेना तेव्हा मला शंका आली.

दहापैकी पाच बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढेच आले असते. ज्याला ‘शंभर टक्के पोकळ’ म्हटलं होतं त्यात १.१ होतं.

१९ ऑक्टोबर

शून्य. बाटलीत आणि रोजच्या आकड्यातही.

२६ ऑक्टोबर

तलफ म्हणावी अशी नाही. दोन रात्री सिगारेट ओढल्याची स्वप्नं पडली, इतकी स्पष्ट की उठून बोटांचा वास घेतला. दिवसाला २.८ मिली अजून जातंय, म्हणजे सवय हाताची आणि तोंडाची आहे. शून्याचं म्हणून पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही. निकोटीन नसलं तरी तापलेली वाफ छातीत जातेच.

आता एकेक जागा बंद. आधी काम करतानाची. मग जेवणानंतरची. गॅलरी सगळ्यात शेवटी, कारण तीच अवघड.

१५ नोव्हेंबर

गॅलरीतली गेल्या मंगळवारी गेली. त्यानंतर पॉड उघडलेलं नाही.

हिशेब मांडतो, कुणाला लागेल तर. सिगारेट सोडल्यापासून १ वर्ष ८ दिवस, त्यातले १० महिने उतरवण्यात. वाया गेलेला वेळ: १२ ची घाई ९ दिवस, मोठा टँक ३ आठवडे आणि त्यातून सावरायला ५ दिवस. कॉइल २९, त्यातल्या ७ माझ्या चुकीनं जळालेल्या. गम ४. सिगारेटी २. सगळ्यात उपयोगाची वस्तू काटा, सगळ्यात निरुपयोगी तो टँक.

अठराची अर्धी बाटली आणि थोडंसं १.१ उरलं होतं. बेसिनमध्ये ओतू नका, निकोटीन विष आहे. घातक कचरा घेतात तिथे बंद बाटलीत देऊन आलो. दोन्ही पॉडच्या बॅटऱ्या लिथियमच्या, त्या नेहमीच्या कचऱ्यात टाकल्या तर पेट घेऊ शकतात, त्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात दिल्या. काटा ठेवलाय. लेक त्यावर तिच्या खोडरबरांची वजनं करते.